बायबलची अनुक्रमणिका कोणी ठरवली?

वसईतल्या कॅथलिक घरातले बायबल उघडले तर अनुक्रमणिकेत ७३ पुस्तके दिसतात. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरात ६६. नवा करार दोन्हीकडे २७ पुस्तकांचाच. फरक पडतो तो जुन्या करारात. तोबीत, युदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन अशी सात पुस्तके कॅथलिकांकडे आहेत, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही जादा भाग. ग्रीक ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये यांच्या जोडीला तिसरे मक्काबी आणि १५१वे स्तोत्र येते. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चची यादी ८१ वर जाते. म्हणजे कुठला ग्रंथ प्रमाण आणि कुठला नाही, यावर सगळ्या चर्चचे मिळून आजही एकमत नाही.

लोकांच्या मनातले उत्तर मात्र सुटसुटीत असते: इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे बिशपांची परिषद भरवली आणि तिथे पुस्तके निवडली गेली. २००३ साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने ही समजूत जगभर पसरवली, पण ती त्याहून बरीच जुनी आहे. नवव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रीक परिषदवृत्तांतात गोष्ट येते, की वेदीपाशी सगळी पुस्तके ठेवून प्रार्थना केली आणि खोटी आपोआप खाली पडली. पुढे व्हॉल्तेअरने तिची टर उडवत तिला प्रसिद्धी दिली. नायसियाच्या परिषदेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत बायबलच्या पुस्तकांविषयी एकही नियम नाही. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीवर, युदीथच्या पुस्तकाला नायसियात मान्यता मिळाल्याचे ओझरते लिहिले आहे. त्याला दुसरा कुठला पुरावा नाही. तेव्हा नायसिया बाजूला ठेवू आणि अभ्यासकांमध्ये खरोखर कशावर वाद आहे ते पाहू.

ज्यूंकडून आलेला वारसा

पहिल्या ख्रिस्ती मंडळींचे धर्मग्रंथ म्हणजे ज्यूंचे धर्मग्रंथ. त्यांतले मोशेचे नियमशास्त्र आणि संदेष्टे हे दोन गट तोवर स्थिरावले होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बेन सिराच्या नातवाने आजोबांच्या पुस्तकाचे ग्रीक भाषांतर करून प्रस्तावना लिहिली. तीत हे दोन गट स्पष्ट येतात, तिसऱ्याचा उल्लेख मात्र ‘इतर पुस्तके’ अशा मोघम शब्दांत आहे. वादाचे मूळ त्या मोघमपणात आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार जोसेफस २२ पुस्तके मोजतो. त्याच सुमाराच्या ‘चौथा एज्रा’ या ग्रंथात २४ येतात. बहुतेकांच्या मते पुस्तके तीच, मोजण्याची रीत वेगळी. पण दोन्ही साक्षी उशिराच्या आहेत. येशूच्या काळात ही सीमा आखलेली होती का?

एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ग्रेट्झ या ज्यू इतिहासकाराने १८७१ मध्ये मत मांडले, की जेरुसलेमच्या पाडावानंतर यावने (जाम्निया) इथे जमलेल्या रब्बींनी यादी बंद केली. हे मत जवळजवळ शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत चालले. १९६४ मध्ये जॅक लुइस यांनी मूळ रब्बीनी उल्लेख तपासले. उपदेशक आणि गीतरत्न या पुस्तकांवर तिथे चर्चा झाली एवढेच त्यांना आढळले. कुठलीही यादी बंद करणारी परिषद दिसली नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी अल्बर्ट संडबर्ग यांनी दुसरे एक गृहीतक मोडले. पॅलेस्टाइनच्या ज्यूंची यादी आखूड होती, अलेक्झांड्रियाच्या ग्रीकभाषक ज्यूंची लांब होती आणि ख्रिस्ती लोकांनी लांब यादी उचलली, असे तोवर मानत. अलेक्झांड्रियात अशी वेगळी यादी असल्याचा पुरावाच नाही, हे संडबर्ग यांनी दाखवले.

१९४७ पासून मृत समुद्राकाठी सापडत गेलेल्या कुमरानच्या गुंडाळ्यांनी गुंता आणखी वाढवला. एस्तेर सोडून हिब्रू बायबलमधल्या प्रत्येक पुस्तकाचे तुकडे तिथे मिळाले. त्यांच्याबरोबर हनोखाचा ग्रंथ आणि ज्युबिलीज यांच्याही अनेक प्रती निघाल्या. कुमरानच्या लोकांना हे ग्रंथ नुसते वाचनीय वाटत होते की प्रमाण, हे प्रतींच्या संख्येवरून ठरत नाही.

आज तीन भूमिका दिसतात. रॉजर बेकविथ यांनी १९८५ मध्ये असे मांडले, की यहूदा मक्काबीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १६४ च्या आसपासच यादी पूर्ण झाली होती. ली मार्टिन मॅकडॉनल्ड यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की येशूच्या काळी तिसरा गट मोकळाच होता आणि ज्यूंनी दार लावण्याआधी चर्च वेगळे झालेले होते. टिमथी लिम यांनी २०१३ मध्ये मधला मार्ग काढला: त्या काळी एकच एक यादी नव्हती, निरनिराळ्या पंथांच्या निरनिराळ्या होत्या आणि परुशांची यादी पुढे सगळ्यांची झाली. मला लिम यांची मांडणी पुराव्याशी सर्वांत जुळणारी वाटते. अर्थात हा वाद केवळ इतिहासाचा नाही. यादी येशूच्या काळी बंद असेल तर प्रोटेस्टंटांच्या आखूड जुन्या कराराला बळ मिळते. खुली असेल तर चर्चने पुढे ती रुंद केली यात वावगे काही उरत नाही.

वाचता वाचता जमलेला नवा करार

पौलाची पत्रे पहिल्या शतकाच्या पन्नाशीतली. शुभवर्तमाने त्यानंतरची. ती लिहिणाऱ्यांपुढे ‘नवा करार’ नावाचा संग्रह नव्हता. तशा संग्रहाची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली, यावर जुना वाद आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या धनिकाने रोममध्ये आपली निवड मांडली: काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे, ज्यूंचे धर्मग्रंथ पूर्ण वगळलेले. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. जर्मन विद्वान अडोल्फ फॉन हार्नाक यांच्या मते या पाखंड्यानेच चर्चला यादी करायला भाग पाडले. विरुद्ध पक्ष म्हणतो, की पौलाच्या पत्रांचे संच आधीपासून फिरत होते आणि १८० च्या सुमारास गॉलमधला बिशप इरेनियस चार शुभवर्तमानांविषयी इतक्या निश्चिंतपणे लिहितो, की ती सवय त्याच्याही आधीची असणार. वस्तुरूप पुरावाही आहे. ख्रिस्ती लोक गुंडाळीऐवजी पानांची बांधलेली पोथी पसंत करत, साधारण इ.स. २०० च्या एका पपायरस पोथीत पौलाची पत्रे एकत्र आहेत आणि इब्री लोकांस पत्रही त्यांतच घातलेले आहे.

निर्णय प्रत्यक्ष कसा होत असे, हे अंत्युखियाचा बिशप सेरापियन याच्या प्रसंगात दिसते. इ.स. २०० च्या आसपास तो ऱ्होसस नावाच्या गावी गेला. तिथल्या मंडळीत ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचले जात होते आणि त्यावरून कुरबूर चालू होती. सेरापियनने पुस्तक न वाचताच परवानगी देऊन टाकली. नंतर कानावर आले, की येशूचे शरीर केवळ आभास होता असे मानणारे लोक त्या पुस्तकाचा आधार घेतात. मग त्याने त्याच गटाकडून प्रत मागून आणून वाचली, बरेचसे ठीक पण काही भर घातलेली, असा निष्कर्ष काढला आणि मंडळीला तसे लिहून कळवले. युसेबियसने हे पत्र आपल्या चर्च-इतिहासात जपले म्हणून आपल्याला कळते. पेत्राचे नाव होते म्हणून परवानगी मिळाली, शिकवण खटकली म्हणून गेली, आणि शेजारच्या मंडळ्यांत ते पुस्तक रुळलेले नव्हते म्हणून फारशी आरडाओरड झाली नसावी. प्रेषितांशी नाते, श्रद्धेच्या चौकटीशी सुसंगती, सर्वत्र वापर हे तीन निकष पाठ्यपुस्तके देतात. पण ते मागाहून काढलेले निष्कर्ष आहेत. हाती निकषांचा तक्ता घेऊन कोणी बसले नव्हते.

निकष एकमेकांना छेदतही. इब्री लोकांस पत्राचा लेखक कोणालाच नक्की ठाऊक नव्हता. तिसऱ्या शतकात धर्मशास्त्री ओरिजेननेही तो फक्त देवाला माहीत असेल, असे म्हणून हात टेकले. पूर्वेने ते पत्र स्वीकारले, पश्चिम बराच काळ कचरत राहिली. प्रकटीकरणाचे नेमके उलटे. पश्चिमेत ते लवकर रुळले, आणि पूर्वेत अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने भाषेच्या तपशिलावरून दाखवले, की हा योहान शुभवर्तमानाचा योहान असू शकत नाही. तिसऱ्या शतकातले हे लेखन आजच्या भाषाशास्त्रीय समीक्षेलाही मान खाली घालायला लावणार नाही.

एका फाटक्या हस्तलिखितावरचा वाद

नव्या कराराची यादी कधी ठरली, याचा बराचसा वाद एका शोधाभोवती फिरतो. इटलीचा विद्वान लुदोविको मुरातोरी याने मिलानच्या ग्रंथालयातून १७४० मध्ये एक खंडित लॅटिन यादी प्रसिद्ध केली. हस्तलिखित सातव्या-आठव्या शतकातले, लॅटिन अशुद्ध. पण मजकूर दुसऱ्या शतकाच्या अखेरचा मानला गेला, कारण त्यात ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक अलीकडेच, आपल्या काळात लिहिले गेल्याचे म्हटले आहे. यादीत चार शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये, पौलाची तेरा पत्रे आहेत. शलमोनाचे ज्ञानही आहे. पेत्राच्या नावचे प्रकटीकरण आहे, पण काही जण ते मंडळीत वाचू देत नाहीत अशी टीप त्याला जोडली आहे. इब्री, याकोब आणि पेत्राची पत्रे मात्र नाहीत.

ही यादी खरोखर इ.स. २०० च्या आधीची असेल तर नव्या कराराचा गाभा लवकर ठरला होता. १९७३ मध्ये संडबर्ग यांनीच ती चौथ्या शतकात, पूर्वेकडे ढकलली: अशा याद्या चौथ्या शतकात पिकल्या, दुसऱ्या शतकातली ही एकटीच कशी? जेफ्री हानेमन यांनी १९९२ मध्ये त्याला पुष्टी दिली. एव्हरेट फर्ग्युसन यांच्यासारख्यांनी जुन्या तारखेचा बचाव केला. पन्नास वर्षे झाली, तराजू अजून डोलतोच आहे.

यामागे शब्दार्थाचा घोळही आहे. थिओडोर झान यांनी मंडळीत अधिकाराने वाचले जाणारे ग्रंथ पाहिले आणि पहिल्या शतकाची अखेर सांगितली. हार्नाक यांनी जुन्या कराराच्या बरोबरीचे स्थान पाहिले आणि दुसऱ्या शतकाची अखेर सांगितली. संडबर्ग यांनी बंद यादी पाहिली आणि चौथे शतक सांगितले. ब्रूस मेट्झगर यांनी १९८७ च्या ग्रंथात हा फरक नेमका पकडला: अधिकार असलेल्या पुस्तकांचा संग्रह एक, आणि संग्रहालाच अधिकार असणे दुसरे. पहिले दुसऱ्या शतकात दिसते, दुसऱ्याला चौथे उजाडते. वादातली निम्मी धग यामुळे निवते, असे मला वाटते.

याद्यांचे शतक

युसेबियसने ३२५ च्या सुमारास पुस्तकांचे गट पाडले: सर्वमान्य, वादग्रस्त, बनावट. प्रकटीकरण त्याने सर्वमान्यांत घातले आणि बनावटांतही, दोन्ही वेळा ‘योग्य वाटल्यास’ अशी पुस्ती जोडून. आज आपल्याला ओळखीची असलेली २७ पुस्तके, अगदी तेवढीच, पहिल्यांदा भेटतात ती अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने ३६७ साली लिहिलेल्या ईस्टर-पत्रात. त्याच पत्रातला त्याचा जुना करार मात्र आज जसाच्या तसा कोणीच वापरत नाही: त्यात एस्तेर नाही आणि बारूख आहे. डेव्हिड ब्राके यांनी या पत्राचा संदर्भ उलगडला आहे. अथनेशियसला इजिप्तमधल्या विरोधी गटांच्या हातची पुस्तके बाद करायची होती आणि शिकवण्याचा अधिकार बिशपकडे ओढायचा होता. १९४५ मध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेली नॉस्टिक पुस्तके या पत्रामुळेच पुरली गेली असावीत, हा अंदाज रंजक असला तरी सिद्ध झालेला नाही.

पत्राने प्रश्न मिटलाही नाही. चौथ्या शतकातल्या सायनाय पोथीत नव्या कराराच्या शेवटी बर्णबाचे पत्र आणि हर्मासचा मेंढपाळ आहेत. पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियन पोथीत क्लेमेंटच्या नावाची दोन पत्रे. लॅटिन जगात तर ‘लावदिकीयाकरांस पत्र’ हे पौलाच्या नावावरचे किरकोळ पत्र शेकडो वर्षे बायबलच्या प्रतींत नकलले जात राहिले.

उत्तर आफ्रिकेत हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या धर्मसभांनी लांब जुन्या करारासह यादी मंजूर केली. तिच्यामागे धर्मशास्त्री ऑगस्टीनचा आग्रह होता: चर्चमध्ये जे वाचले जाते ते प्रमाण. त्याच काळात बेथलेहेमात बसून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करणारा जेरोम म्हणत होता, की हिब्रूत जे नाही ते बोधासाठी वाचा, सिद्धांतासाठी वापरू नका. पश्चिमेच्या चर्चने व्यवहारात ऑगस्टीनचे ऐकले. जेरोमची प्रस्तावनाही बायबलच्या प्रतींत सोबत नकलली जात राहिली. हजार वर्षांनी फुटलेल्या वादाचे दोन्ही पक्ष असे एकाच पोथीत शेजारी बसून होते.

गोव्याहून उदयंपेरूरला

सिरियाक भाषेतल्या पेशित्ता बायबलचा नवा करार २२ पुस्तकांचा होता. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे-तिसरे आणि यहूदाचे पत्र, तसेच प्रकटीकरण त्यात नव्हते. पश्चिम सिरियाक परंपरेत ५०८ आणि ६१६ च्या भाषांतरांतून ती भर पडली. पूर्व सिरियाक चर्चमध्ये जुनी यादीच राहिली आणि त्या चर्चमार्फत ती केरळच्या संत थॉमस ख्रिस्तींकडे आली. तिची गाठ कॅथलिक चर्चने सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेत बंधनकारक केलेल्या यादीशी पडली ती गोव्यामुळे. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस याने जून १५९९ मध्ये कोचीजवळ उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली आणि मलबारच्या सिरियाक प्रतींत जी पुस्तके व उतारे नाहीत ते भरून घ्यावेत, असा ठराव करून घेतला. नव्या कराराच्या यादीवरून भारताच्या भूमीवर झालेली ही ठळक टक्कर मराठी वाचनात क्वचितच येते.

इथिओपियाची कथा निराळी. हनोखाचा ग्रंथ इतरत्र लुप्त झाला, तिथे तो बायबलचा भाग म्हणून टिकला. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७७३ मध्ये त्याच्या प्रती युरोपात आणल्या. यहूदाचे पत्र जवळजवळ सगळ्यांच्याच बायबलमध्ये आहे आणि ते हनोखाचा आधार नाव घेऊन देते. प्रमाणग्रंथात उद्धृत झालेला ग्रंथ स्वतः प्रमाण का नाही, हा प्रश्न चौथ्या शतकातही विचारला जात होता.

यादीबाहेरचे पुस्तकही भक्तीतून जात नाही. गोव्यात तळावलीला संत आनाचे भव्य चर्च आहे आणि जुलैत तिथे तवशांचे फेस्त भरते. मरियेच्या आईचे आना हे नाव बायबलच्या कुठल्याही पुस्तकात नाही. ते येते दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या बालपणकथेतून, जी एकाही मोठ्या चर्चच्या यादीत नाही.

लूथर, ट्रेंट आणि बायबल सोसायटी

१५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक धर्मशास्त्री योहान एक याने शुद्धिस्थानाच्या समर्थनार्थ दुसऱ्या मक्काबीमधला मृतांसाठीच्या प्रार्थनेचा उतारा पुढे केला. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने ते पुस्तक सिद्धांतासाठी ग्राह्य नाही म्हणत जेरोमचा आधार घेतला. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये, अपॉक्रिफा या शीर्षकाखाली गेली. काढली गेली नाहीत. १५२२ च्या नव्या करारात त्याने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण शेवटी नेऊन ठेवले आणि क्रमांकही दिले नाहीत. याकोबाचे पत्र त्याला हलके वाटे.

ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ७३ पुस्तकांची यादी बंधनकारक केली. न मानणाऱ्याला धर्मबाह्य ठरवावे का, यावर २४ बाजूने, १५ विरुद्ध आणि १६ तटस्थ असे मत पडल्याची नोंद आहे. जेरोमच्या बाजूचे लोक कॅथलिकांतही होते. लूथरचा प्रतिवादी कार्डिनल कायेतान त्यांपैकीच. इंग्लंडच्या चर्चने ही पुस्तके वर्तनबोधासाठी ठेवली, सिद्धांतासाठी नाही. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने त्यांना मानवी लेखनाच्या पातळीवर आणले. जेरुसलेमच्या १६७२ च्या ऑर्थोडॉक्स सभेने ती स्वीकारली, तरी रशियात मतभेद राहिले.

छापील बायबलमधून ती पुस्तके नाहीशी झाली त्याचे कारण मात्र बरेचसे हिशेबाचे आहे. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत स्कॉटिश देणगीदारांनी हरकत घेतली आणि १८२६ मध्ये सोसायटीने अपॉक्रिफाच्या छपाईला पैसे न देण्याचे ठरवले. मराठी बायबल भाषांतराची घडण याच काळातली. प्रोटेस्टंट मराठी वाचकाच्या हाती ६६ पुस्तकांचेच बायबल आले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून एकटीने केलेले, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतरही त्याच यादीचे.

अधिकार कशातून येतो?

यादीपेक्षा खोल वाद हा आहे. कॅथलिक मत असे, की पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली चर्चने ग्रंथ ओळखले, तेव्हा यादीची खात्री चर्चच्या परंपरेतूनच मिळते. कॅल्विनच्या परंपरेत चर्च अधिकार देत नाही, केवळ ओळखते. ग्रंथ स्वतःच आपली साक्ष देतात. मायकल क्रूगर यांनी अलीकडे हीच भूमिका ऐतिहासिक पुराव्याची जोड देऊन मांडली आहे. ऑर्थोडॉक्स परंपरा उपासनेतला वापर मोठा मानते, पण तिथेही विसंगती आहेच: प्रकटीकरण यादीत आहे आणि बिझंटाइन उपासनेच्या वाचनक्रमात नाही. लूथरने ख्रिस्ताकडे नेणारे ते खरे प्रमाण, असा यादीच्या आतला निकष सुचवला होता. १९५१ मध्ये अर्न्स्ट केझेमान यांनी त्याच परंपरेतून अवघड निष्कर्ष काढला: नवा करार चर्चच्या एकतेला आधार देत नाही, त्यातच पंथभेदांची बीजे आहेत.

या सर्व भूमिकांपुढे काही प्रश्न अनुत्तरित आहेत. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली पत्रे पौलाची नाहीत, असे आज बहुसंख्य समीक्षक मानतात. प्रेषिताचे लेखन हा निकष असेल तर ती पत्रे कुठल्या आधारावर राहतात? मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानातली व्यभिचारी स्त्रीची कथा सर्वांत जुन्या पोथ्यांत नाहीत. मग प्रमाण काय, पुस्तक की त्याचा विशिष्ट पाठ? आणि यादी बंद आहे म्हणजे कायमची का? एलेन पेगल्स यांच्या १९७९ च्या ग्रंथानंतर नाग हम्मादीच्या पुस्तकांना वाचक मिळाले आणि २०१३ मध्ये हॅल टॉसिग यांनी दहा जास्तीचे ग्रंथ घालून ‘नवा नवा करार’ संपादित केला. थॉमसच्या शुभवर्तमानासारख्या ग्रंथांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे, पण उपासनेत ते वाचणारी मोठी मंडळी उभी राहिलेली नाही. आजवरच्या याद्या ज्या वाटेने बनल्या ती पाहता, तेवढ्याविना संपादकांची निवड यादी बनत नाही.

चर्चांनी आपापल्या याद्या तशाच ठेवून तडजोड केली ती छपाईत. १९६८ मध्ये युनायटेड बायबल सोसायटीज आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त भाषांतराची तत्त्वे ठरवली: भाषांतर एकत्र करावे, आणि वादातली पुस्तके घ्यायची असल्यास जुन्या करारानंतर वेगळ्या विभागात छापावीत.